ब्रेडचा क्लास लावताना काय विचारायचं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तोच ब्रेड घरी कसा जमवायचा

पावशेर
"कोणता क्लास लावू" हा प्रश्न पाककृतींच्या प्रत्येक धाग्यात येऊन राहिला, म्हणून हा वेगळा धागा. क्लासची नावं, फी, जाहिराती इथे नकोत. क्लास कसा पारखायचा आणि तिथे शिकलेलं घरच्या ओट्यावर कसं उतरवायचं, एवढंच बोलू.

पहिली पारख वेळेच्या हिशोबाची. साध्या सँडविच ब्रेडला वजन-मापं १५ मिनिटं, मळणं २०, पहिलं फुगणं ७५, गोळा आणि आकार २०, साच्यात फुगणं ५०, भाजणं ३५. झाले साडेतीन तास. वर निवायला किमान एक तास, कारण गरम ब्रेड कापला तर आतली जाळी चिकटते आणि बरा-वाईट काहीच कळत नाही. आता जाहिरातीत "३ तासांत ६ प्रकारचे ब्रेड" असेल तर उघड आहे की पीठ आधीच मळून ठेवलेलं असणार आणि तुम्ही फक्त आकार देणार किंवा नुसतं पाहणार. पाहून केक जमेल एखाद्याला. ब्रेड नाही. ब्रेडमध्ये शिकायचं असतं ते बोटांनी, आणि नेमका तोच भाग अशा क्लासमध्ये गायब असतो.

म्हणून एकच प्रश्न आधी विचारा: वजनापासून भाजण्यापर्यंत माझा स्वतःचा गोळा माझ्या हातात राहणार का? "चौघांत एक" असं उत्तर आलं तर विचार करा.

बन्सी_लोकवन
यात भर. ओव्हन कोणता ते विचारा. बऱ्याच ठिकाणी डेक ओव्हन असतो. त्याच्या तळाच्या लादीतून सरळ उष्णता मिळते, वाफेची सोय असते. घरी तुमच्याकडे २८-३० लिटरचा ओटीजी, म्हणजे रॉडवर तापणारा छोटा विजेचा ओव्हन. डेकवर २२० अंशांना शिकलेली कृती ओटीजीत तशीच्या तशी लावली की वरचा रॉड माथा करपवतो आणि तळ पांढरा राहतो.

दुसरं, इम्प्रूव्हर (ब्रेड जास्त फुगावा, मऊ व्हावा म्हणून पिठात घालायची तयार पूड) वापरतात का ते विचारा. वापरणं काही पाप नाही. त्यात साधारण अॅस्कॉर्बिक आम्ल, अमायलेजसारखी एन्झाइम्स आणि एखादा इमल्सीफायर असतो. पण किती टक्के टाकला हे लिहून घ्या. नाहीतर घरी त्याशिवाय कराल आणि "माझाच हात वाईट" म्हणत बसाल. पोटॅशियम ब्रोमेटवर मात्र आपल्याकडे २०१६ पासून बंदी आहे. कुणी जुन्या पद्धतीची ब्रोमेटवाली पूड देऊ केली तर घेऊ नका.

मनीषनगर_ओटीजी
क्लासच्या कृतीने केलेला ब्रेड घरी बसतोय. मैदा ३००, पाणी १९५, साखर १२, मीठ ६, इन्स्टंट यीस्ट ३, दूध पावडर १२, तेल १५ ग्रॅम. साचा ८ बाय ४ इंची. क्लासची खोली एसीची, २५-२६ अंश. तिथे ९० मिनिटं पहिलं फुगणं, मग साच्यात ६०. घरी वेळ तंतोतंत तीच पाळली. साच्यात वर छान आला, ओव्हनमध्ये गेल्यावर मधोमध खचला, कापल्यावर वास आंबटसर, जाळी वर मोठी आणि खाली दाट. स्वयंपाकघर दुपारी ३८ अंश. चूक कृतीत की हातात?

पावशेर
कृतीतही नाही, हातातही नाही. घड्याळात आहे. मैद्याच्या वजनाच्या ६५ टक्के पाणी, २ टक्के मीठ, १ टक्का यीस्ट, सगळं प्रमाणात आहे. पण ही प्रमाणं २६ अंशांच्या पिठासाठी बांधलेली आहेत. साधारण ८-१० अंश वाढले की यीस्टचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे क्लासमधली ९० मिनिटं तुमच्या ओट्यावर ४०-४५ मिनिटांत संपली. पुढचा पाऊण तास गोळा उतू जात होता. साखर खाऊन संपली, आम्लं वाढली, ग्लुटेनचं (पिठातल्या प्रथिनाचं) जाळं ताणून पातळ झालं. ओव्हनमध्ये हवा प्रसरण पावली तेव्हा ते फाटलं आणि मधोमध बसलं.

ताई (की दादा?), मळून झाल्यावर गोळ्याच्या पोटात थर्मामीटर खुपसून आकडा सांगा. खोलीचं नाही, पिठाचं तापमान पाहिजे.

मनीषनगर_ओटीजी
ताई :) आत्ता मळलेला गोळा आहे, ३४ अंश.

पावशेर
मग ९० मिनिटं विसरा. ३५ मिनिटांनी बोट कोरड्या पिठात बुडवून गोळ्यात अर्धा इंच दाबा. खड्डा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू येऊन थोडा उरला तर आकार द्यायला घ्या. खड्डा तसाच राहिला आणि भोवतालचं पीठ सुस्कारा सोडल्यासारखं खाली गेलं तर वेळ निघून गेली. त्या गोळ्याला ब्रेड करू नका. लाटून, वर तेल-लसूण लावून फोकाचिया (चपटा इटालियन ब्रेड) करा, नाहीतर तव्यावर नान.

खमीरवाला
वेळ कमी करणं हा अर्धाच उपाय. ३४ अंशांवर ४० मिनिटांत फुगलेल्या ब्रेडला चव येत नाही. पिठाचं तापमानच खाली आणा. बेकरीतला हिशोब असा:

हवं ते पिठाचं तापमान गुणिले ३. त्यातून खोली, मैदा आणि घर्षण वजा. उरेल ते पाण्याचं तापमान.

हाताने मळताना घर्षणाचे ३ अंश धरा, स्टँड मिक्सरला ८ ते १२. तुमचं उदाहरण घ्या. २६ गुणिले ३ म्हणजे ७८. खोली ३८, मैदा ३७ (डबा ओट्यावरच असणार), घर्षण ३. बेरीज ७८. उत्तर शून्य. म्हणजे शून्य अंशाचं पाणी पाहिजे! टाकीचं पाणी मे महिन्यात ३४ धरू. १९५ ग्रॅममध्ये बर्फ किती?

एकूण पाणी गुणिले (नळाचं तापमान वजा हवं ते तापमान), भागिले (नळाचं तापमान अधिक ८०). १९५ गुणिले ३४ भागिले ११४, म्हणजे ५८ ग्रॅम. ५८ ग्रॅम बर्फ, १३७ ग्रॅम पाणी. बर्फ विरघळेपर्यंत ढवळा, मगच पिठात ओता. अख्खा खडा पिठात गेला तर तिथे चिकट डबकं होतं.

इतवारी_तराजू
बर्फ टाकून ब्रेड! ऐकलं नव्हतं बाप्पा. पण मैदाच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर?

खमीरवाला
उत्तम, भाऊ, आणि घरात तेच सोपं जाते. मैदा ८ अंशांवर असेल तर ७८ वजा (३८ + ८ + ३) म्हणजे २९. माठाचं पाणी घ्या, काम झालं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ तेवढा थंड होतोच. मैदा हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर फ्रिजमधल्या लसणाचा वास घेतो. पावसाळ्यात डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, आत दव धरते.

एक सावधगिरी. इन्स्टंट यीस्ट बर्फाच्या पाण्यावर थेट टाकू नका. कोरडे दाणे अतिथंड पाण्यात भिजले की त्यांच्या पेशींतून द्रव्य झिरपून पीठ सैल आणि चिकट होतं. आधी मैदा-पाणी मिनिट-दोन मिनिटं एकत्र करा, मग वरून यीस्ट भुरभुरून मळा.

हिवाळ्यात हाच हिशोब उलटा. जानेवारीत खोली २०, मैदा २०, तर पाणी ३५ अंशांचं लागेल. ओटीजीत (बंद, प्लग काढून) उकळत्या पाण्याची वाटी ठेवून गोळा आत ठेवा. ४५ च्या वर पाणी नेऊ नका, ५५-६० ला यीस्ट मरतं.

कूलरची_टिकटिक
फुगायला ठेवताना कूलरच्या खोलीत ठेवा, पण झोतात नाही. झोतात दहा मिनिटांत वर कोरडा पापुद्रा धरतो. तो पापुद्रा आकार देताना आत वळला की कापल्यावर ब्रेडमध्ये करड्या रेषा दिसतात आणि लोक म्हणतात "पीठ नीट मिसळलं नाही". ओलं कापड टाकता तर ते वाळतं आणि चिकटतं. त्यापेक्षा तेलाचा हात लावून गोळा स्टीलच्या डब्यात, वर झाकण. डबा सरळ भिंतीचा असला तर बाहेरून खूण करून दुप्पट झालं की नाही तेही कळतं. पसरट परातीत तो अंदाज कुणालाच येत नाही.

मनीषनगर_ओटीजी
यीस्ट कमी केलं तर? आणि मळणं पुरेसं झालं हे कसं ओळखायचं? क्लासमध्ये मिक्सरने ८ मिनिटं मळलं होतं, घरी हात आहेत.

बन्सी_लोकवन
मे महिन्यात ३ ऐवजी २ ग्रॅम करा. दोन ग्रॅम म्हणजे पाऊण चमच्याहून थोडं कमी. मसाल्याच्या चमच्याने मोजू नका, पॉइंट एक ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. मीठ मात्र कमी करू नका. ते चवीपुरतं नसतं, यीस्टला लगाम घालतं आणि ग्लुटेन घट्ट करतं.

मळण्याबद्दल. आधी नुसता मैदा आणि पाणी एकत्र करून २० मिनिटं झाकून ठेवा. ही फुकटची मळणी समजा, निम्मं काम आपोआप होतं. (उन्हाळ्यात ही वीस मिनिटं फ्रिजमध्ये.) मग यीस्ट, साखर, मीठ, दूध पावडर. तेल सगळ्यात शेवटी, कारण तेल आधी गेलं तर पिठाच्या कणांना आवरण बसतं आणि पाणी शिरत नाही. त्यानंतर १० ते १२ मिनिटं तिंबायचं. तळहाताच्या टाचेने पुढे रेटा, घडी घाला, पाव फेरी वळवा. पहिली ४-५ मिनिटं पीठ हाताला आणि ओट्याला चिकटणारच. इथेच नव्वद टक्के लोक कोरडा मैदा भुरभुरतात आणि ६५ टक्क्यांचं पीठ ५८ वर आणून ठेवतात. मग ब्रेड दुसऱ्या दिवशी भुगा होतो. मैदा नको. पिठाला पाच मिनिटं आराम द्या, हात धुऊन या, परत तिंबा. चिकटपणा आपसूक जातो.

झालं की नाही हे पाहायला सुपारीएवढा तुकडा घ्या. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर हळूहळू ताणा. पुरणपोळीचा पापुद्रा जसा आतलं पुरण दाखवतो तसं पलीकडचं बोट दिसलं पाहिजे. फाटलं तर भोकाची कड पाहा. कड दातेरी असेल तर अजून ३ मिनिटं, गोल गुळगुळीत असेल तर पुरे.

पोळपाट_लाटणं
चक्कीच्या कणकेचा ब्रेड क्लासमध्ये "१०० टक्के गहू" म्हणून शिकवतात आणि घरी वीट होते. यावर कुणी लिहा ना.

बन्सी_लोकवन
तीन गोष्टी आहेत. एक, गहू कोणता. बन्सी हा ड्युरम गहू, शेवया-रव्याला छान, पण त्याचं ग्लुटेन ताणलं जातं आणि परत येत नाही, त्यामुळे ब्रेड उंच उभा राहत नाही. खपलीचं ग्लुटेन त्याहून दुबळं. ब्रेडला लोकवन किंवा शरबती घ्या.

दोन, दगडी चक्कीत पिठाच्या स्टार्चचे कण बरेच फुटतात आणि फुटलेला स्टार्च जास्त पाणी पितो. पोळ्यांना हे चांगलंच, ब्रेडला पाणी वाढवावं लागतं. मैद्याला ६५ टक्के तर कणकेला ७५ ते ८०. मळताना पीठ पातळ वाटेल. अर्धा तास ठेवा, कोंडा पाणी ओढून घेईल. आणि चक्कीवरून आणलेलं पीठ गरम असतं. ते त्याच दिवशी वापरलं तर वरचा सगळा तापमानाचा हिशोब वाया.

तीन, कोंड्याच्या कडा ग्लुटेनचे धागे कापतात. बारीक चाळणीने कोंडा काढा, दुप्पट उकळत्या पाण्यात भिजवून निववा आणि मळण्याच्या शेवटी परत घाला. हे पाणी एकूण पाण्यातूनच मोजायचं. एवढं करूनही उंची हवी असेल तर ग्लुटेनची पूड ३ ते ५ टक्के, म्हणजे ३०० ग्रॅमला ९ ते १५. जितकी पूड, तिच्या दीडपट पाणी वाढवा. सुरुवात अर्धी कणीक, अर्धा मैदा अशी करा. पहिल्याच दिवशी शंभर टक्के गव्हाचा हट्ट करून लोक क्लासवाल्यांना शिव्या देतात.

इतवारी_तराजू
सामानाचं सांगतो. इतवारीत किंवा कुठंही इन्स्टंट यीस्टचा ५०० ग्रॅमचा पुडा घेताना दाबून पाहा. विटेसारखा कडक पाह्यजे. नरम लागला तर निर्वात सील गेलं, दुकानदार कितीही म्हणो "कालच आला". ज्या दुकानात हा पुडा उन्हाच्या बाजूला ठेवलेला असते, तिथं घेऊच नका. घरी फोडला की काचेच्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये. लागेल तेवढं काढायचं, बरणी लगेच आत. अख्खा पुडा नको असेल तर चौघं मिळून वाटून घ्या.

शंका आली तर १०० मिली ३८ अंशांच्या पाण्यात एक चमचा साखर, एक चमचा यीस्ट. दहा मिनिटांत वर जाड फेस आला पाह्यजे. नुसतेच चार बुडबुडे आले तर फेका.

क्लासच्या कृतीत ताजं यीस्ट लिहिलं असेल तर त्याच्या एक तृतीयांश इन्स्टंट घ्या. १० ग्रॅमला साधारण साडेतीन.

मनीषनगर_ओटीजी
आता भाजणं. क्लासमध्ये १९० अंश, ३५ मिनिटं. माझ्या ओटीजीत वरून २० मिनिटांत काळपट, बाजू फिक्या. परवाच्या ब्रेडची एक बाजू साच्याच्या काठावर फाटलीसुद्धा.

कूलरची_टिकटिक
ओटीजीच्या बटणावरचा आकडा हा फक्त अंदाज असतो. आत टांगायचा थर्मामीटर घ्या. १५-२० अंशांचा फरक नेहमीचा. दिवा गेला म्हणजे ओव्हन तापला असं नाही, हवा तापली. भिंती तापायला अजून १० मिनिटं द्या.

साचा सगळ्यात खालच्या जाळीवर, दोन्ही रॉड चालू. ब्रेडचा माथा (फुगल्यावरचा!) वरच्या रॉडपासून किमान चार बोटं लांब राहिला पाहिजे. २८ लिटरच्या पेटीत मधल्या जाळीवर ठेवला तर तो रॉडला टेकायलाच जातो. रंग आला की, साधारण २० मिनिटांनी, वर अॅल्युमिनियम फॉइल सैल टाका. एका बाजूला जास्त रंग येत असेल तर २० मिनिटांनी साचा फिरवा, त्याआधी दार उघडू नका.

बाजू फाटण्याची दोन कारणं. एक, साच्यात कमी फुगवलेला असताना आत टाकला. दोन, वरचा रॉड इतका कडक की कवच आधी वाळलं, आतून रेटा आला आणि जिथे नरम सापडलं तिथून बाहेर पडला. साच्याच्या काठाच्या बोटभर वर आला की भाजायला घ्या, वरून पाणी किंवा दूध हलकं लावा. मे महिन्यात हा टप्पा २५-३० मिनिटांतच येतो, म्हणून ओव्हन आधीच तापवून ठेवा. ओव्हन तापायची वाट पाहताना हाताशी आलेला ब्रेड जातो.

झाला की नाही हे ठोकून कळतं असं म्हणतात, पण थर्मामीटरसारखं दुसरं काही नाही. मधोमध ९२ ते ९५ अंश. आणि साच्यातून लगेच बाहेर, जाळीवर. साच्यातच निवला तर वाफ आत कोंडून बाजू ओल्या होतात आणि कमरेत वाकतो.

१६ अॅम्पियरचा पॉइंट आहे ना? दीड-दोन हजार वॉटचा ओटीजी मल्टीप्लगवर लावू नका, त्यातही कूलर त्याच लाइनवर असेल तर.

पोळपाट_लाटणं
लादी पावाला हेच पीठ चालतं?

कूलरची_टिकटिक
चालतं. ४५-५० ग्रॅमचे उंडे, तळाशी चिमूट घट्ट मिटवून, ताटात बोटभर अंतराने. फुगून एकमेकांना खेटले की २०० अंशांवर १४-१६ मिनिटं. बाहेर आल्या आल्या लोणी लावून कापडाखाली. तर्रीत बुडवायचा असेल तर साखर निम्मी करा.

खमीरवाला
पावसाळ्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, क्लासमध्ये सहसा सांगत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये दुसऱ्या दिवशी ब्रेडला पिकून उतरलेल्या अननसासारखा वास आला, मध्यभाग चिकट झाला आणि तोडताना कोळ्याच्या जाळ्यासारखे तार निघाले, तर ती बुरशी नव्हे. बॅसिलस जातीचे जिवाणू असतात, त्यांचे बीजाणू पिठातून येतात आणि भाजण्यातही मरत नाहीत. दमट उकाड्यात वाढतात. असा ब्रेड टाकूनच द्या, भाजून टोस्ट करू नका. साचा, सुरी, पोळपाट, डबा सगळं गरम पाण्याने धुऊन व्हिनेगरने पुसा. पुढच्या खेपेला ३०० ग्रॅम मैद्याला एक छोटा चमचा व्हिनेगर मळतानाच घाला. आम्लात ते वाढत नाहीत, चवीला फरक कळत नाही. आणि ब्रेड कोमट असताना पिशवीत बंद करू नका.

फ्रिजमध्येही ब्रेड ठेवू नका. ४ अंशांच्या आसपास स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, नाहीतर काप करून फ्रीझर. काप सरळ तव्यावर टाका.

संत्र्याची_साल
धाग्याशी जोडून. क्लासमध्ये संत्र्याचा ब्रेड शिकवला, त्यात पाण्याऐवजी पूर्ण रस होता. गोळा मळताना फाटत होता आणि फुगायला फार वेळ लागला. रस किती चालतो?

पावशेर
पाण्याच्या एक तृतीयांशापर्यंत. त्यापुढे आम्लाने ग्लुटेन ताठ होतं आणि यीस्ट मंदावतं. तसंही भाजल्यावर रसाचा सुगंध फारसा उरत नाही. सुगंध असतो सालीच्या तेलात. दोन संत्र्यांची नुसती केशरी साल किसून ती कृतीतल्या १२ ग्रॅम साखरेत चोळा, साखर ओलसर केशरी झाली की मग पिठात. पांढरा भाग आला की कडू.

आपल्या संत्र्याची साल सैल असते, किसणीवर सरकते. म्हणून सोलण्याआधी, फळ तासभर फ्रिजमध्ये कडक करून किसा. आत्ता मे महिन्यात संत्र्याचा अंबिया बहारही नाही, मृग बहारही नाही. पुढच्या बहाराला साल किसून साखरेसकट छोट्या डब्यांत फ्रीझरला टाका, एका डब्यात एका ब्रेडपुरती.

मनीषनगर_ओटीजी
मैदा फ्रिजमधून, माठाचं पाणी, यीस्ट २ ग्रॅम. मळून झाल्यावर २७ अंश. डब्यावर खूण केली आहे, ५० मिनिटं झाली, दुपटीला अजून बोटभर कमी.

पावशेर
ओव्हन अजून लावू नका, ताई. बोटभर भरू द्या, मग आकार. साच्यात गेल्यावर पंधरा मिनिटांनी ओटीजी चालू करा.